टिटवीच्या दारी तेवीस पाहुणे

पूर्णिमावर कुणी लिहायचं झालंच तर ते मी लिहायला हवं, कारण तिचं सगळ्यात मोठं नुकसान मी केलेलं आहे. कौतुक करणारे तिला आता पुष्कळ भेटतात. त्यांना तिचे फोटो माहीत आहेत, मला ती माहीत आहे.

आम्ही दोघी नेदरलँड्समधल्या हार्लेमला एकाच रस्त्यावर राहतो, चार घरं सोडून. मी सुचेता. इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. म्हणजे गणपतीत मोदक पुरतील की नाही याची काळजी करणारी, आणि वर्षभर व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कृपया इथे सुप्रभात टाकू नये' असं बजावणारी. पूर्णिमा निसर्गछायाचित्रकार आहे. एवढा लांबलचक शब्द ती स्वतः कधी वापरत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "मी पक्ष्यांचे फोटो काढते." एखादीने 'मी पोळ्या लाटते' म्हणावं, तितक्या सहज.

ती मूळची कराडची. तिच्या वडिलांचा, जयप्रकाशकाकांचा, बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं. रोल छत्तीस फोटोंचा. लग्न लागून, पंगती उठून, नवरी सासरी गेली तरी शेवटच्या रोलमध्ये दोन-तीन फोटो उरायचेच. आता कशाचे काढायचे? रिकामा मंडप काय कुणी अल्बमात लावत नाही. काका ते उरलेले फोटो लेकीला द्यायचे. नऊ वर्षांच्या पूर्णिमाच्या गळ्यात कॅमेरा अडकवायचे आणि तिला मागच्या परसात सोडून सांगायचे, "दोनच आहेत हं. बटण शेवटी दाबायचं, आधी बघायचं."

दोन फोटो म्हणजे तिची अख्खी दुपार. बुलबुल येईपर्यंत पेरूखाली बसायचं, आला की लगेच दाबायचं नाही, तो मान वळवेपर्यंत थांबायचं. त्यामुळे झालं असं की कराडातल्या कितीतरी लग्नांच्या निगेटिव्हमध्ये शेवटी, रडत निघालेल्या नवरीच्या पाठोपाठ, एक सरडा आहे.

एकदा ती काकांबरोबर कृष्णेच्या पात्रात गेली आणि दोन्ही फोटो तिने दगडगोट्यांचे काढले. रोल धुतल्यावर काका भडकले. "एवढं शिकवून दगडांचे फोटो?" ही म्हणाली, "नीट बघा." काकांनी भिंग लावलं. दगडांमध्ये टिटवीची चार अंडी होती, दगडांसारखीच ठिपक्याठिपक्यांची. मग त्यांनी तो फोटो मोठा करून काचेच्या शोकेसमध्ये लावला, एका बाजूला शालूतली नवरी, दुसऱ्या बाजूला काजळतीट लावलेलं बाळ. गिऱ्हाइकं विचारायची, "हे काय, खडीची जाहिरात?"

पुढे तिला दहावीला चांगले मार्क पडले आणि तिथेच घात झाला. चांगले मार्क पडलेल्या मुलीला कॅमेरा कोण देतो? इंजिनिअरिंग, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, आशुतोषशी लग्न. आशुतोषला इकडची नोकरी लागली तेव्हा त्याच्या परमिटला जोडलेली पुरवणी म्हणून ती नेदरलँड्सला आली. आम्ही सगळ्याजणीच अशा पुरवण्या म्हणून आलो, म्हणून हे मी हसत लिहू शकते.

पहिल्या हिवाळ्यात तिचं डोकं फिरायची पाळी आली होती. आशुतोष सकाळी अंधारात जायचा आणि अंधारात यायचा. तिला बरं वाटावं म्हणून त्याने इंटरनेटवरून एक जुना कॅमेरा घेतला आणि म्हणाला, "वसंतात ट्युलिप्सचे फोटो काढ, कराडला पाठव." ट्युलिपचा तिने एक फोटो काढला, पुराव्यापुरता. बाकी सगळे आमच्या घरामागच्या कालव्यातल्या चांदव्याचे. चांदवा म्हणजे पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी, इथे पायलीला पन्नास. त्याने वेफर्सची पाकिटं, स्ट्रॉ आणि कुणाचा तरी तोंडाचा मास्क गोळा करून घरटं बांधलं होतं. मी त्या घरट्यावरून रोज सायकलने जायचे, मला फक्त कचरा दिसायचा. तिने काढलेल्या फोटोत त्याच कचऱ्यात लाल डोक्याचं पिल्लू मास्क पांघरून झोपलं होतं. गावातल्या पेपरने तो फोटो छापला. त्या दिवशी ती जी हसली, तशी मी तिला तोवर पाहिलीच नव्हती.

मग सुरू झाली तारेवरची कसरत. आठवड्याचे तीन दिवस स्लोटरडाइकच्या ऑफिसात टेस्टिंग, उरलेले दिवस पक्षी, आणि शनिवार-रविवार मंडळींची डोहाळजेवणं, मुंजी, वाढदिवस. त्या डोहाळजेवणांचे फोटो काढून मिळालेल्या पैशांतून तिची मोठी लेन्स आली. डच भाषा ती क्लासात नाही शिकली, पक्षी बघणाऱ्या म्हाताऱ्यांकडून शिकली. त्यामुळे तिला डचमध्ये अजून गॅसची तक्रार करता येत नाही, पण पाणथळ जागांच्या सतरा प्रकारांवर बोलता येतं.

त्याच म्हाताऱ्यांनी तिला खेरिटकडे नेलं. खेरिट म्हणजे साठीचा, गाईवाला शेतकरी. आमच्यापासून सायकलने अर्ध्या तासावर त्याची कुरणं आहेत, समुद्राच्या पातळीच्याही खाली. आपल्याकडे म्हणतात ना, टिटवीदेखील समुद्र आटवते. इथे समुद्र माणसांनी आटवला आणि टिटवी आयती राहायला आली. इथली टिटवी डोक्यावर ऐटबाज तुरा ठेवते आणि सरळ जमिनीवर, गवतातल्या खळग्यात अंडी घालते. गवत कापायचं यंत्र फिरलं की संपलं. म्हणून वसंतात स्वयंसेवक कुरण पायी धुंडाळतात, घरटं सापडलं की जवळ बांबूच्या दोन काठ्या रोवतात, आणि शेतकरी तेवढी जागा सोडून गवत कापतो.

पूर्णिमा तीन वसंत या काठ्या रोवत फिरली. पहिल्या वर्षी खेरिट तिच्याशी एकूण सहा वाक्यं बोलला, त्यांतली चार हवेबद्दल. चौथ्या वर्षी त्याने तिला कुरणात लपून बसायला एक हिरवा तंबू लावू दिला. असं त्याने आजवर कुणालाही करू दिलं नव्हतं. अट एकच. घरटं कुठे आहे ते कुणाला सांगायचं नाही.

याच सुमाराला एका निसर्गविषयक मासिकाने तिला काम दिलं. एक कुरण, एक घरटं, अंड्यापासून पिल्लं चालायला लागेपर्यंत. हे पसंत पडलं तर वर्षभराचा करार. पूर्णिमाने ऑफिसात राजीनामा दिला. आशुतोष 'हो' म्हणाला, आणि घराच्या हप्त्यांचा हिशोब मांडून बसला.

"नाही जमलं तर?" मी विचारलं.

"नाही जमलं तर परत टेस्टिंग," ती म्हणाली. "आणि कॅमेरा विकणार. आय मीन इट. एक्केचाळीस वर्षांची झाले मी, सुचेता. दोन्ही डगरींवर हात ठेवून दमले आता."

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

एप्रिलमधल्या एका पहाटे तिच्या सायकलचं चाक पंक्चर झालं आणि मी तिला गाडीने कुरणापर्यंत सोडलं. उतरताना म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं." मी म्हटलं, "वेडी आहेस का?" आणि खरोखर बाहेर कुणाला सांगितलं नाही. पण आपल्यात 'कुणाला सांगू नकोस' याचा अर्थ बाहेरच्यांना सांगू नकोस. मंडळ म्हणजे काय बाहेरचं आहे? आपली मुलगी तिकडे थंडीवाऱ्यात एकटी तंबूत बसते, तिला कुणाचा पाठिंबा नको? मी ग्रुपवर टाकलं: 'रविवारी पूर्णिमाची टिटवी बघायला जाऊ. सरप्राइज आहे, तिला कळवू नये. डबा आपापला.'

माझी बारा वर्षांची जुई ते वाचून म्हणाली, "मम्मा, डॅट माख नीट." म्हणजे असं करायची परवानगी नसते. इथली मुलं हे वाक्य दुधाबरोबर पितात. मी म्हटलं, "गप्प बस. आपण काय आत जाणार आहोत? बांधावर उभं राहायचं, बांध सगळ्यांचा असतो."

तेवीस जण आलो. सात गाड्या. चटया, साबुदाणा वडे, दडपे पोहे, थर्मासभर चहा, आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आमच्या सासूबाई. वारा असा की पोहे ताटलीतून उडत होते. आम्ही बांधावर ओळीने उभे राहिलो आणि टिटवी घरट्यावरून उठली, आमच्या डोक्यावर येऊन ओरडत घिरट्या घालायला लागली. तिला आमच्या येण्याचा आनंद झाला असं समजून आम्ही टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. दूर कुरणात तो हिरवा तंबू होता. आत आपली पूर्णिमा आहे म्हणून मी त्या तंबूला हातसुद्धा केला. तिने बाहेर यावं म्हणून दोघांनी हाका मारल्या. तंबू हलला नाही. आता कळतं, ती बाहेर आली असती तर पाखरू आणखी लांब गेलं असतं. ती आत बसून आम्ही निघायची वाट बघत होती, आणि आम्ही चटया अंथरत होतो.

सासूबाई घास काढून ठेवल्याशिवाय जेवत नाहीत. त्यांनी वड्याचा तुकडा आणि पोहे कुंपणाच्या खांबावर ठेवले, हात जोडले, आणि काय सांगू, कावळा तत्काळ आला! पुण्यात आम्ही गच्चीत 'काव काव' करून घसे फोडतो तरी मेला पलीकडच्या तारेवर बसून बघत राहतो. सासूबाईंचे डोळे भरून आले. "बघ गं, परमुलुखातसुद्धा ओळखलं," म्हणाल्या. पुन्हा टाळ्या. पाठोपाठ आणखी दोन कावळे आले. खांबावरचं संपल्यावर ते कुरणात उतरले.

थोड्या वेळाने त्यांतला एक उडाला. त्याच्या चोचीत काहीतरी होतं. मला वाटलं वडा, मी पुन्हा टाळीसाठी हात उचलले, सासूबाईंनी पुन्हा डोळे मिटून हात जोडले.

जुईने माझा हात इतका जोरात धरला की नखं रुतली. मग मला दिसलं. दहा मिनिटांत चारही अंडी गेली. टिटवी एकटी त्या तिघांवर झेपावत होती आणि आम्ही तेवीस जण हातात ताटल्या घेऊन उभे होतो.

पूर्णिमा तंबूतून बाहेर आली. चिखलातून चालत, ओढ्यावरची फळी ओलांडून बांधावर आली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुला सांगितलं होतं मी." मग सासूबाईंना वाकून नमस्कार केला, कारण त्या तिला पहिल्यांदाच भेटत होत्या. तो नमस्कार मला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

परतताना गाडीत सासूबाईंनी विचारलं, "पोरीचे डोळे लाल का होते गं?" त्यांच्या डोळ्यांना लांबचं दिसत नाही, काय झालं ते त्यांना समजलंच नव्हतं. मी म्हटलं, "वारा होता ना, आई."

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा खेरिटकडे गेली. मीही गेले, तिने न बोलावता. चूक कुणाची ते मला सांगायचं होतं. खेरिटने घरट्याजवळच्या दोन्ही काठ्या आधीच उपटून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. माझं इंग्रजी त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिच्याकडे बघून डचमध्ये बोलला. तिने मला नंतर सांगितलं, तो म्हणाला, बांध सगळ्यांचा आहे, तिथे कुणीही यावं. घरटं मी फक्त तुला दाखवलं होतं. यंदा आता येऊ नकोस.

म्हणजे पिल्लं नाहीत. पिल्लं नाहीत म्हणजे मासिकाचं काम नाही. मी घरी येऊन न्हाणीघराचं दार लावून रडले. नवऱ्याने विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

बुधवारी पूर्णिमा आमच्याकडे आली, लॅपटॉप घेऊन. तीन दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने एक फोटो उघडून माझ्यासमोर ठेवला. पुढे कावळा, उडता उडता, चोचीत ठिपक्यांचं अंडं. त्याच्यावर झेपावलेली टिटवी. आणि मागे बांधावर आम्ही. रंगीबेरंगी जॅकेटं, उघडे डबे, टाळीसाठी उचललेले माझे हात. मधोमध सासूबाई, नऊवारीवर माझा जुना कोट, डोळे मिटून हात जोडलेल्या. त्यांचा चेहरा अगदी स्पष्ट होता. देवळात दिसतो तसा.

"गोष्ट इथेच संपवून पाठवणार आहे मी," ती म्हणाली. "जे झालं ते. पण काकूंचा चेहरा आहे. त्यांनी हो म्हटलं तरच."

"अगं, काय बोलतेस!" माझा आवाज चढला. "सगळा देश बघेल. म्हणतील, बघा हे इंडियन्स! मंडळाचं काय राहील? आणि आईंना अजून माहीत नाहीये."

"मी कुणाला हसत नाहीये, सुचेता. हा मी आजवर काढलेला सगळ्यात खरा फोटो आहे. बाहेर येऊन कावळे हाकलावेत की बटण दाबावं ते कळेना, आणि हाकलायला गेले तोवर उशीर झाला होता. ते मला आयुष्यभर पुरेल. पण काकू नको म्हणाल्या तर मी हा पुसून टाकीन, आणि सोमवारपासून नोकरी शोधेन."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कुणास ठाऊक. पदराला हात पुसत आल्या, चष्मा लावला आणि स्क्रीनसमोर बसल्या.

"ही मी."

"हो काकू."

"त्याच्या चोचीत काय आहे?"

पूर्णिमाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"अंडं आहे, काकू. तिचं."

सासूबाई स्क्रीनजवळ वाकल्या. मग चष्मा काढून माझ्याकडे वळल्या. "आणि तू वारा म्हणालीस." त्या पुन्हा फोटोकडे वळल्या. "पन्नास वर्षं घास ठेवतेय मी. तो जेवला की आपलं भलं, एवढंच धरून बसले. त्याच्यानंतर तो कुणाच्या दारी जातो, ते कधी बघितलं नाही."

पूर्णिमाने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. सासूबाईंनी तो हात धरला.

"छाप," त्या म्हणाल्या. "पण खाली लिही की घास मी ठेवला होता. नाव घाल, पद्मजा म्हणून. नाहीतर सगळे त्या कावळ्यालाच शिव्या देतील."

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "आणि आमंत्रण मी दिलं होतं," मी म्हटलं, "तेही लिही." पूर्णिमा इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

जूनमध्ये ते छापून आलं, शेवटच्या दोन पानांवर, आमच्या दोघींच्या नावांसकट. संपादकीणबाईंनी तिला सांगितलं की पिल्लांचे गोड फोटो त्यांच्याकडे खणभर पडले आहेत, असा एकही नव्हता. वर्षभराचा करार झाला. आता तिचं दुसरं वर्ष चालू आहे. मंडळातल्या तिघांनी ग्रुप सोडला आणि दोघांनी पक्ष्यांच्या काठ्या रोवायला नाव दिलं. सासूबाई पुण्याला परतल्या. घास अजून ठेवतात, पण आधी कठड्यावरून वाकून खाली बघतात, कुणाचं घरटं तर नाही ना.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी खेरिटचा फोन आला होता. त्या टिटवीने कुरणाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा अंडी घातली होती आणि चार पिल्लं चालत बाहेर पडली होती. "तुला मुद्दाम कळवलं नाही," तो पूर्णिमाला म्हणाला. "पुढच्या वर्षी ये." हे असं तोंडावर बोलणं मला इथे येऊन चौदा वर्षं झाली तरी पचत नाही. ती मात्र दिवसभर गुणगुणत होती.

माझं काय? आम्ही बोलतो, येतो-जातो, दिवाळीचा चिवडा एकत्र करतो. पण मधे काहीतरी राहिलं होतं. कामाला जाताना ती फक्त 'येते गं' म्हणायची. कुठे, ते सांगायची नाही, आणि विचारायचा हक्क मी घालवला होता.

गेल्या आठवड्यात सकाळी तिचा फोन आला. मागून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि कुठलंतरी पाखरू सारखं शीळ घालत होतं. तिला हवं ते सापडलं होतं, आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "सुचेता, ऐक ना, कुठे आहे मी माहितीये? आपण त्या दिवशी बघ, ज्या पुलावरून..."

"थांब," मी म्हटलं. "मला नको सांगूस."